हतनूरची बदके अंडी कोठे घालतात?

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही नववी-दहावीच्या काही विद्यार्थ्यांना घेऊन मुक्ताईनगरजवळ चांगदेवला गेलो होतो. मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचे एदलाबाद. बुऱ्हाणपूरकडून येणारी तापी आणि विदर्भातून येणारी पूर्णा यांचा संगम चांगदेवला होतो, आणि खाली बांधलेल्या हतनूर धरणाचा फुगवटा या संगमाच्याही वर दोन्ही नद्यांच्या पात्रांत शिरलेला आहे. धुके विरळ झाले तशी पाण्यावर बदके दिसू लागली. चमच्यासारख्या चोचीचे थापट्या, तांबूस डोक्याच्या लालसऱ्या, केशरी रंगाच्या चक्रवाकांच्या जोड्या आणि लांब टोकदार शेपटीची तलवार बदके. कडेच्या गवताजवळ वारकरी पक्ष्यांचा मोठा थवा होता. काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या या पक्ष्याला वारकरी हे नाव ज्याने दिले, त्याची दृष्टी मोठी चांगली असली पाहिजे. मुक्ताईच्या गावाजवळ तर ते फारच शोभते. हा पक्षी मात्र बदक नव्हे. तो पाणकोंबड्यांच्या कुळातला.

मुले दुर्बिणीसाठी भांडत होती. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, एवढी बदकं आहेत, मग यांची पिल्लं कुठं आहेत?"

प्रश्न साधा होता, पण आमच्यापैकी कोणालाच त्याचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही. "ही बदके थंडीपुरती येतात, अंडी परदेशात घालतात" असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. हे उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. एक तर समोरच्या थव्यांत गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लेही होती. जानेवारीपर्यंत ती आईबापांएवढी होतात, म्हणून ओळखू येत नाहीत. दुसरे असे की समोरची सगळीच बदके पाहुणी नव्हती. पिवळ्या टोकाच्या चोचीची, चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके असलेली हळदी-कुंकू बदके त्यांत होती. ती इथलीच. वर्षभर आपल्याकडे राहतात आणि आपल्याकडेच अंडी घालतात. मग ती तरी कोठे घालतात? एवढे मोठे धरण असताना त्याच्या काठावर घरट्यांची गर्दी का होत नाही?

या प्रश्नाचा पाठपुरावा करताना आम्हांला बरेच दूर, थेट उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशापर्यंत जावे लागले. बदकांची वीण आणि हवामान यांचा संबंध जगात सर्वांत बारकाईने तिथे अभ्यासला गेला आहे. तिथे जे कळले त्याचा आपल्या गावतळ्याशीही जवळचा संबंध आहे.

पाहुण्यांचे माहेर

हिवाळी बदके कोठून येतात हे कळले ते कड्यांमुळे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने भरतपूर आणि इतर ठिकाणी पक्षी पकडून त्यांच्या पायांत क्रमांक असलेली कडी अडकवली. यांतली काही बदके पुढे सैबेरियात आणि कझाखस्तानात सापडली. तलवार बदक, थापट्या, भुवई बदक ही आपली पाहुणी मंडळी तिकडच्या गवताळ मैदानांतील उथळ तळ्यांभोवती वीण घालतात. ही तळी हिमवितळणीच्या पाण्यावर भरतात. ज्या वर्षी बर्फ कमी पडते त्या वर्षी कित्येक तळी कोरडी राहतात.

त्या प्रदेशातील बदकांची वर्षानुवर्षांची सलग मोजणी मात्र अमेरिकेइतकी झालेली नाही. कॅनडाच्या दक्षिण भागापासून अमेरिकेच्या डाकोटा आणि आयोवा राज्यांपर्यंत सुमारे ७ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, एक प्रदेश आहे. सुमारे १०-१२ हजार वर्षांपूर्वी तिथल्या हिमनद्या वितळल्या आणि मागे लक्षावधी खळगे राहिले. काही खळगे आपल्या शाळेच्या वर्गखोलीएवढे, काही अनेक एकरांचे. काही भागांत एका चौरस किलोमीटरमध्ये असे ४० खळगे आढळतात. उत्तर अमेरिकेतील निम्म्याहून अधिक बदके याच टापूत जन्म घेतात असे मानले जाते. त्या गवताळ मैदानांना प्रेअरी म्हणतात हे भूगोलाच्या पुस्तकातून विद्यार्थ्यांना ठाऊक असतेच. पुस्तकात प्रेअरीबरोबर गव्हाचे नाव येते, बदकाचे येत नाही.

या बदकांची पद्धतशीर मोजणी १९५५ पासून दर मे महिन्यात होते. लहान विमाने जमिनीपासून जेमतेम ३०-४० मीटर उंचीवरून ठरलेल्या रेषांत उडतात. वैमानिक आणि निरीक्षक बदकेही मोजतात आणि पाण्याने भरलेले खळगेही मोजतात. काही रेषांवर जमिनीवरूनही मोजणी करून विमानातून किती बदके नजरेतून सुटली याचा अंदाज घेतात. बदके आणि तळी एकाच वेळी मोजायची, ही कल्पना महत्त्वाची आहे. तीमुळे पाऊस-बर्फ आणि बदके यांचा संबंध आकड्यांत दिसू लागला.

पाणी आले की बदके येतात

हा संबंध वरवर पाहता सरळ आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या भागात दीर्घ दुष्काळ पडला. खळगे कोरडे पडले आणि मोजणीतील बदकांची एकूण संख्या १९९० च्या सुमारास अडीच कोटींच्या आसपास उतरली. १९९३-९४ पासून पाऊस चांगला झाला. खळगे भरले आणि पाच-सहा वर्षांत संख्या चार कोटींच्या वर गेली. २०१५ साली ती सुमारे ४ कोटी ९५ लाख होती. पुढे पुन्हा कोरडी वर्षे आली. कोविडमुळे २०२० आणि २०२१ साली मोजणीच झाली नाही. २०२२ साली ती पुन्हा झाली तेव्हा आकडा सुमारे ३ कोटी ४२ लाखांवर आलेला होता.

पण पाणी जास्त म्हणजे बदके जास्त एवढ्यावर थांबलो, तर हतनूरचे कोडे सुटत नाही. हतनूरला पाण्याची काय कमी? तेव्हा बदकाच्या मादीला पाणी नेमके कशासाठी हवे असते ते पाहू.

घरच्या बदकांचा रानटी पूर्वज मॅलार्ड याचेच उदाहरण घ्या. मादीचे वजन सुमारे एक किलो. ती रोज एक याप्रमाणे नऊ-दहा अंडी घालते, आणि प्रत्येक अंडे ५० ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे दहा दिवसांत ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्म्या वजनाची अंडी घालते. यासाठी लागणारी प्रथिने धान्य आणि गवताचे बी खाऊन मिळत नाहीत. एरवी शाकाहाराकडे झुकलेली मादी या दिवसांत गोगलगायी, कीटकांच्या अळ्या आणि पाण्यातले बारीक कवचधारी प्राणी खाते. पिल्लांनाही पहिले काही आठवडे हेच खाद्य लागते. हे प्राणी विपुल मिळतात ते ऊन पोचून लवकर तापणाऱ्या वीतभर-हातभर पाण्यात. खोल पाण्यात बदकाची मान तळापर्यंत पोचतच नाही.

शिवाय हे तळे अधूनमधून आटावे लागते. ऐकायला हे उलटे वाटेल. पाणी कायम राहिले की मासे वाढतात आणि तेच कीटक खाऊन टाकतात. तळावरचा कुजका पाला ऑक्सिजनअभावी तसाच साठत जातो. तळे आटले की चिखलाला हवा लागते, साठलेल्या पाल्याचे विघटन होऊन क्षार मोकळे होतात, गवत आणि लव्हाळ्याचे बी रुजते. पुढच्या वर्षी पाणी आले की बुडालेल्या त्या गवतावर कीटकांची नुसती झुंबड उडते. म्हणून दुष्काळानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या ओल्या वर्षी बदकांची वीण फार चांगली होते. आटणे आणि भरणे हे या तळ्यांच्या प्रकृतीतच आहे. शेतकऱ्याला जमीन पड ठेवण्याचा गुण ठाऊक असतो. हे जवळपास तसेच आहे.

तिसरी गोष्ट तळ्याच्या आकाराची. विणीच्या काळात नर आपल्या जोडीच्या आसपास दुसऱ्या जोडीला फिरकू देत नाही. एका लहान खळग्यात एकच जोडी असली तरी दहा खळग्यांत दहा जोड्या मावतात. या सगळ्या खळग्यांचे पाणी चर खणून एका मोठ्या तळ्यात आणले तर पाण्याचे क्षेत्रफळ तेवढेच राहील, पण जोड्या घटतील. हा हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. १० हेक्टरचे एक गोल तळे घेतले तर त्याचा परीघ सुमारे १,१२० मीटर येतो. १ हेक्टरच्या एका गोल तळ्याचा परीघ सुमारे ३५४ मीटर, म्हणजे अशा दहा तळ्यांचा मिळून ३,५४० मीटर. पाणी तेवढेच, पण उथळ किनारा तिपटीहून जास्त. प्रेअरीतल्या शेतकऱ्यांनी नांगराला अडथळा नको म्हणून असे चर पुष्कळ ठिकाणी खणले. आयोवा राज्यातील जवळपास ९० टक्के पाणथळ जागा अशा रीतीने नाहीशा झाल्या.

घरटे मात्र गवतात

आता राहिले घरटे. मॅलार्ड, मलीन बदक, थापट्या, तलवार बदक ही बदके पाण्यात घरटे करीत नाहीत. मादी पाण्यापासून थोडे दूर, कधी कधी अर्ध्या-एक किलोमीटरवरही, दाट गवतात खळगा करून त्यात स्वतःची पिसे अंथरते आणि अंडी घालते. म्हणजे तळे जितके महत्त्वाचे, तितकेच भोवतालचे गवत. गवत नांगरून शेत झाले की उरलेल्या एखाद्या पट्ट्यात सगळी घरटी दाटीने होतात. कोल्हा, रॅकून आणि स्कंक नावाचा दुर्गंधी प्राणी यांना मग फार शोधावे लागत नाही.

किती घरटी वाचतात? येथे एक गणित आहे, आणि ते शिक्षकांना आवडेल. मॅलार्डच्या घरट्याला पहिल्या अंड्यापासून पिल्ले बाहेर पडेपर्यंत साधारण ३५ दिवस लागतात. समजा कोणत्याही एका दिवशी घरटे सुरक्षित राहण्याची शक्यता ०.९५ आहे, म्हणजे १०० घरट्यांपैकी रोज पाचच नष्ट होतात. ऐकायला हे फार वाटत नाही. पण ३५ दिवस टिकण्याची शक्यता ०.९५ चा ३५ वा घात, म्हणजे सुमारे ०.१७ येते. शंभरातील फक्त सतरा घरटी यशस्वी होतात. रोजची शक्यता ०.९७ केली तर सुमारे ३४ यशस्वी होतात, ०.९३ केली तर आठच. मॅलार्डची संख्या टिकून राहण्यासाठी १५ ते २० टक्के घरटी यशस्वी व्हावी लागतात, असे तेथील अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे रोजच्या दोन टक्क्यांच्या फरकावर ते पक्षी वाढणार की घटणार हे ठरते. या पद्धतीला मेफील्डची पद्धत म्हणतात. १९६१ साली हॅरोल्ड मेफील्ड यांनी ती मांडली. त्याआधी अभ्यासक सापडलेल्या घरट्यांपैकी यशस्वी किती एवढेच मोजत, आणि त्यांचे उत्तर नेहमी प्रमाणाबाहेर चांगले येई. कारण जी घरटी पहिल्या चार दिवसांतच नष्ट होतात, ती बहुधा अभ्यासकाला सापडतच नाहीत.

अमेरिकेत १९८५ च्या शेती कायद्याने शेतकऱ्यांना मोबदला देऊन काही जमिनी दहा-दहा वर्षे गवताखाली ठेवायला सुरुवात झाली. हेतू मुख्यतः जमिनीची धूप थांबवण्याचा होता. पण १९९३ नंतर पाणी आले तेव्हा हे गवत तयार होते, आणि पुढील दहा वर्षांत त्यामुळे दरवर्षी सुमारे वीस लाख जादा बदके निपजली असा अंदाज काढला गेला.

हे सगळ्या बदकांच्या वाट्याला आले असते तर गोष्ट सुखान्त झाली असती. चांगदेवला आम्ही पाहिलेले तलवार बदक हे उत्तर गोलार्धभर पसरलेले आहे. तीच जात प्रेअरीतही वीण घालते. १९५० च्या दशकात तिथल्या मोजणीत ही बदके एक कोटीच्या आसपास होती. १९९३ नंतर पाणी आले, मॅलार्ड वाढला, मलीन बदक वाढले, थापट्या वाढला. पण तलवार बदक पूर्वीच्या आकड्यापर्यंत पोचलेच नाही. अलीकडच्या मोजण्यांत ते वीस लाखांच्या आसपास दिसते. याचे कारण त्याच्या सवयीत आहे. हे बदक बर्फ वितळताच फार लवकर येते आणि विरळ, आखूड गवत पसंत करते. कापणी झालेल्या गव्हाच्या शेतातला धसकटांचा पट्टा त्याला तसाच वाटतो. पूर्वी कॅनडातील शेतकरी जमीन आलटून-पालटून पड ठेवीत. पुढे दरवर्षी पीक घेण्याची पद्धत आली. मादी धसकटांत अंडी घालते आणि काही दिवसांतच पेरणीपूर्व नांगरट सुरू होते. घरटे मोडले तर मॅलार्ड पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. तलवार बदक त्यामानाने कमी करते.

आमच्या मते या सगळ्या अभ्यासाचे सार या एका पक्ष्यात आहे. हवामानाने पाणी परत दिले, पण घरट्याची जागा तोवर बदलून गेली होती. कझाखस्तानातही १९५४ पासून पडीक जमिनींच्या मोहिमेत कोट्यवधी एकर गवत नांगराखाली आले, आणि १९९१ नंतर त्यातली बरीच जमीन पुन्हा पड राहिली. हतनूरला येणाऱ्या तलवार बदकांच्या मागे त्या दूरच्या शेतांचा इतिहासही असतो.

हवामानबदलाचा विचार करतानाही हेच लक्षात ठेवावे लागते. प्रेअरीचा पश्चिम आणि मध्य भाग तापून कोरडा होत गेला, तर विणीला योग्य असा ओलावा पूर्वेकडे सरकेल, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवले होते. पण पूर्वेला आहे आयोवा. पाऊस तिकडे गेला तरी तो साठवायला खळगे कोठे आहेत?

आपल्याकडचा वसंत म्हणजे मृगाचा पाऊस

आता परत तापीकाठी येऊ. आपल्या हळदी-कुंकू बदकाला हिमवितळणीची वाट पाहावी लागत नाही. त्याचा वसंत पावसाळ्यात येतो. उत्तर आणि मध्य भारतात त्याची वीण मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या काळात होते, दक्षिणेत नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही होते. नेमका काळ पाण्यावर ठरतो. मादी काठच्या दाट गवतात किंवा लव्हाळ्यात घरटे लपवते आणि सहा ते बारा अंडी घालते.

तिचे वेळापत्रक मांडून पाहू. नऊ अंडी घालायला नऊ दिवस. उबवण्याला सुमारे २४ दिवस. पिल्लांना उडता येईपर्यंत आणखी सात-आठ आठवडे. एकूण तीन महिने होतात. जुलैच्या मध्यावर सुरुवात झाली तर पाणी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत टिकले पाहिजे. खानदेशात पाऊस बेताचा, ऊन कडक आणि मधली उघडीप नेहमीची. रोज अर्धा सेंटीमीटर पाणी वाफ होऊन उडते असे धरले, तर ९० दिवसांत ४५ सेंटीमीटर जाते. जमिनीत मुरते ते वेगळे. त्यामुळे रस्त्याकडेच्या डबक्यात वीण पार पडणे कठीण. पाऊस उशिरा आला तर हंगाम पुढे सरकतो, आणि शेवटची पिल्ले उडण्याआधीच तळे आक्रसू लागते. पाणी दूर गेले की पिल्लांना उघड्या चिखलावरून चालावे लागते, आणि घार व कुत्री यांचे फावते.

मग हतनूर? धरणाचे नाव काढले की पावसाळ्यातली बातमी आठवते: "हतनूरचे एवढे दरवाजे उघडले". धरणाला ४१ दरवाजे आहेत. तापी आणि पूर्णा या दोन्ही नद्यांचा पूर एकदम आला तर ते उघडण्यावाचून गत्यंतर नसते. ओसरला की बंद होतात, पुन्हा पूर आला की पुन्हा उघडतात. धरण पूर्ण भरण्याची वेळ पावसाळ्याच्या शेवटी येते. म्हणजे जुलै ते सप्टेंबर या विणीच्या नेमक्या महिन्यांत काठ आज येथे तर उद्या तेथे असतो. काठालगत केलेले घरटे बुडण्याचा धोका फार. धरण भरून पाणी स्थिरावते ते ऑक्टोबरमध्ये, आणि त्यानंतर ते हळूहळू उतरत मे महिन्यापर्यंत जाते. त्याच काळात थंडीचे पाहुणे येतात. उतरत्या पाण्यामागे रोज नवा ओला चिखल उघडा पडतो, त्यात बी, मुळे आणि किडे असतात. धरणाचा जो क्रम घरट्याला मारक, तोच हिवाळ्यातल्या खाण्याला पोषक.

गाळाचीही अशीच गंमत आहे. हतनूरमध्ये गाळ फार साचला आहे आणि पाटबंधारे खात्याची ती मोठी चिंता आहे. ती रास्तच आहे, कारण रावेर, यावल, चोपड्याच्या शेतीला आणि दीपनगरच्या वीज केंद्राला हेच पाणी जाते. पण याच गाळाने फुगवट्यातले पाणी उथळ केले, चिखलाची बेटे उभी केली आणि बदकांना बोलावले. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरचे असेच झाले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गोदावरी-कादवा संगमाजवळ बांधलेला तो बंधारा गाळाने भरत गेला, पाणपक्ष्यांचे माहेरघर झाला आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरला. हतनूरचेही नाव देशातील महत्त्वाच्या पक्षीस्थळांच्या यादीत आहे.

तेव्हा आपल्या बदकांची वीण शोधायची असेल तर धरणावर नव्हे, शिवारातल्या लहान पाण्यावर जायला हवे. हरताळ्यासारखे जुने तलाव, गावतळी, १९७२ च्या दुष्काळानंतर ठिकठिकाणी झालेले पाझर तलाव, नाल्यावरचे मातीचे बंधारे. यांना उतरता काठ असतो, काठावर गवत असते, आणि उन्हाळ्यात ते बहुधा आटतात. प्रेअरीतल्या खळग्याचे जवळपास सगळे गुण त्यांत आहेत. अडई आणि नकटा या आपल्या दुसऱ्या दोन बदकांना आणखी एक गोष्ट लागते: म्हातारे झाड. नकटा झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. अडईही बऱ्याचदा ढोलीत किंवा फांद्यांच्या बेचक्यात घालते. तलावाकाठचा जुना आंबा किंवा चिंच तोडली की पाणी भरपूर असूनही या दोघांची वीण थांबते. तलवार बदकाच्या कथेचा हा खानदेशी पाठभेद म्हणावा.

गेल्या काही वर्षांत खानदेशातल्या पाण्याचे रूप बदलले आहे. २०१४ नंतर नाले खोल झाले, तलावांतला गाळ काढून शेतांत गेला, शेततळी झाली. पाण्याच्या दृष्टीने याचा उपयोग झाला असेल; शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी लागले तर त्याला नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण सरळ भिंतीसारखा कापलेला काठ आणि मध्ये खोल पाणी म्हणजे बदकाला रिकामी थाळी. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर चिखलच नसतो, गवत नसते, आणि त्या निसरड्या उतारावरून पडलेल्या लहान प्राण्याला वर येता येत नाही. गाळ काढताना एका बाजूचा उतार तसाच ठेवला, तेथल्या गवताला आणि झाडाला हात लावला नाही, तर साठ्यात पडणारा फरक थोडा असतो. हे ठरवताना जेसीबी चालवणाऱ्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगणारे गावात शाळेचे शिक्षकच असण्याचा संभव अधिक.

शाळेला काय करता येईल

जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाभर मोजणी होते. ती १९८७ पासून चालू आहे आणि विद्यार्थ्यांनी तीत भाग घ्यावा. पण हिवाळ्यातला आकडा मुख्यतः दूरच्या तळ्यांची हकीकत सांगतो. आपल्या पाण्याची हकीकत हवी असेल तर पावसाळ्यात मोजायला हवे, आणि बदके नव्हे, पिल्ले मोजायला हवीत.

शाळेजवळचे एक तळे निवडावे. पाण्यात कडेला सेंटीमीटरच्या खुणा केलेला बांबू रोवावा. जूनपासून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी, बांबूवरची पातळी, पाऊस, काठावरच्या गवताची उंची आणि दिसलेल्या जोड्या यांची नोंद करावी. घरटे शोधू नये. आपण गवत तुडवीत गेलो की मागोमाग मुंगूस आणि कुत्री त्या वाटेने जातात. शिवाय वन्य पक्ष्यांची घरटी व अंडी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ऑगस्टपासून पिल्ले आपोआप आईमागे पाण्यावर दिसू लागतात. त्यांचे वय अंदाजाने लिहिता येते: नुसती लव असलेली, लव आणि पिसे दोन्ही असलेली, पूर्ण पिसांची पण न उडणारी. एकाच आईमागची पिल्ले दर आठवड्याला किती उरली याचा आलेख काढला तर वर सांगितलेले घाताचे गणित मुलांच्या डोळ्यांसमोर उभे राहते.

एका भाद्रपदात आम्ही अशा एका पाझर तलावावर जात होतो. पहिल्या रविवारी हळदी-कुंकवाच्या मादीमागे आठ पिल्ले होती, दुसऱ्या रविवारी सहा. तिसऱ्या रविवारी रात्रभर पाऊस पडून सांडवा वाहत होता, आणि तीन दिसली. त्यातली किती उडाली ते आम्हांला कळले नाही, कारण चौथ्या रविवारी सहामाही परीक्षेच्या कामात आम्ही गेलोच नाही. त्या वहीत आणखी एक रकाना राहून गेला होता, तो आता आम्ही प्रत्येक शाळेला सांगतो: तळे पूर्ण आटल्याचा दिनांक. हा दिनांक लिहिण्यासाठी कधी डिसेंबरात, कधी एप्रिलमध्ये, पक्षी एकही नसताना तळ्यावर जावे लागते.